स्वीकृत सदस्य व्हायचं का, आणि कुणाच्या यादीतून?

(पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात देतोय. ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

पत्र लिहिणाऱ्या ताई पुणे महापालिकेत 2021 साली घेतलेल्या 23 गावांपैकी एका गावात राहतात. नोकरी, घर, दहावीतली मुलगी, आणि शिवाय आजूबाजूच्या चौदा सोसायट्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप त्याच सांभाळतात. पाण्याचे टँकर, तुंबलेलं ड्रेनेज, बंद पडलेले दिवे, सगळं त्या ग्रुपवर येतं आणि वॉर्ड ऑफिसच्या चकरा ताईच मारतात. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर त्यांच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेचे मिस्टर घरी आले आणि म्हणाले, प्रभाग समितीवर स्वीकृत (म्हणजे निवडून न येता नेमलेला) सदस्य म्हणून तुमचं नाव देतो, तुमच्यासारखी माणसं आत पाहिजेत. फक्त एक आहे, त्यासाठी संस्थेचा सदस्य असावं लागतं, तर आमच्या प्रतिष्ठानमध्ये तुम्हाला तीन वर्षांपासून सदस्य दाखवू, कागद आम्ही बघतो. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात घ्या, आपलं माणूस आत गेलं की कामं होतील. बाकीचे म्हणतात गेलात की त्यांच्या झालात. नवरा म्हणतो राजकारण नको. ताई विचारतात: आत जाऊन काम करू की बाहेर राहून भांडत राहू?

ताई,

उत्तर आधीच सांगतो म्हणजे तुमची झोप जायला नको. या दारातून जाऊ नका. समितीला माझा विरोध नाही, दाराला आहे, आणि त्यापेक्षा जास्त मला खटकतंय ते म्हणजे तुमच्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत, आत किंवा बाहेर. तिसरी एक गोष्ट आहे ती तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला वाटतं तीच तुम्ही मागायला हवी. तिच्यावर येतो, पण आधी ही प्रभाग समिती म्हणजे नक्की काय ते बघू, कारण ग्रुपमधल्या दोन्ही पार्ट्या तिला आहे त्यापेक्षा बरंच मोठं समजतायत.

74 वी घटनादुरुस्ती 1993 च्या जूनपासून लागू झाली, तिच्यात तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजेच आपल्या प्रभाग समित्या, असाव्यात असं आलं. आपल्याकडे महापालिका अधिनियमात कलम 29-अ त्यासाठीच आहे. त्या भागातले सगळे नगरसेवक, वॉर्ड ऑफिसचा अधिकारी, आणि जास्तीत जास्त तीन लोक बाहेरचे, म्हणजे स्वीकृत सदस्य. हे तीन लोक त्या भागात समाजकामाचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे सदस्य हवेत, तिथलेच मतदार हवेत, आणि त्यांची नावं ठरवतात कोण तर तेच नगरसेवक. आता साधा हिशोब करा, पुण्यात 165 नगरसेवक आणि 15 क्षेत्रीय कार्यालयं (आपली वॉर्ड ऑफिसं), प्रत्येकाची एक समिती, म्हणजे एका समितीत सरासरी अकरा नगरसेवक आणि त्यांनीच निवडलेले तुम्ही तिघं. "आपलं माणूस आत" म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

आणि समितीच्या हातात काय आहे? पाणी, ड्रेनेज, साफसफाई, पावसाळी पाणी यांच्या रोजच्या तक्रारींचा लवकर निपटारा करणं, आपल्या भागातल्या खर्चाच्या अंदाजांवर आयुक्तांकडे जाण्याआधी शिफारस करणं, आणि बजेटमध्ये तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं. हे काही कमी नाही हं. चेंबरची झाकणं, तुंबणारी गल्ली, बंद दिवे, शाळेच्या भिंतीजवळचा कचरा, हे सगळं इथे सुटू शकतं. पण तुमच्या पत्रातला मुख्य त्रास आहे टँकर, आणि नव्या गावांना पाण्याची लाईन, टाकी, मलनिस्सारण वाहिन्या ही कोटींची कामं, ती महापालिका भवनातल्या खात्यांकडे, स्थायी समितीकडे. तुम्ही त्या खुर्चीत पाच वर्षं बसलात तरी टँकर त्या खुर्चीतून बंद होणार नाही, आणि ग्रुपवरचे लोक मात्र दर उन्हाळ्यात तुम्हालाच विचारणार की ताई तुम्ही तर आत आहात ना. ही अपेक्षा आत्ताच मोडून टाका नाहीतर सहा महिन्यांत तीच माणसं तुमच्यावर उलटतील.

आता ते प्रतिष्ठानचं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, "कागदाची फॉर्मॅलिटी" म्हणून. फॉर्मॅलिटी नाहीये ती. जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही त्या संस्थेत तीन वर्षं मागच्या तारखेने सदस्य दाखवणं म्हणजे खोटा कागद, सरळ. उद्या कुणी हरकत घेतली तर नाव जाईल ते तुमचं, प्रतिष्ठानचं काही जाणार नाही. आणि हरकत नाही घेतली तर आणखी वाईट, कारण तो कागद कायम त्यांच्या कपाटात राहणार. तुम्ही कधी एखाद्या कामावर वाकडा प्रश्न विचारला की कुणीतरी हळूच आठवण करून देईल. त्यांचा हेतू आज वाईट असेलच असं मी म्हणत नाही, कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की चांगलं माणूस यावं आणि नियम आड येतोय. पण नियम आड येतोय तो कशासाठी ते बघा ना. त्या तीन जागा ठेवल्याच यासाठी की पक्षाबाहेरचं, जमिनीवर काम करणारं कुणीतरी तिथे असावं. प्रत्यक्षात ठिकठिकाणी या जागा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची समजूत काढायला वापरल्या जातात हे आपण सगळे जाणतो, आणि त्याला रस्ता हाच, आपलीच संस्था आणि आपलंच माणूस.

इथे नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल पण बोलू. "राजकारण नको" हे मला तितकंसं पटत नाही. स्वीकृत सदस्याला नगरसेवकच निवडतात, तेव्हा कुणा ना कुणा राजकारण्याने तुमचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही तिथे पोचणारच नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वॉर्ड ऑफिसला जाऊन जेईला (ज्युनियर इंजिनिअरला) दिव्यासाठी तगादा लावता तेही राजकारणच आहे की. प्रश्न एवढाच आहे की तुमचं नाव कुणाच्या यादीतून जातंय आणि परत आल्यावर तुम्ही हिशोब कुणाला देणार.

आणि हिशोब कुणाला, या प्रश्नावर मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट टोचली, रागावू नका. पूर्ण पत्रात "आमचा एरिया" पंधरावीस वेळा आलंय आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ चौदा सोसायट्या एवढाच आहे. गावठाण येतं ते फक्त "त्यांच्या लग्नाचे मांडव रस्त्यावर" म्हणून, आणि ओढ्याकडेची वस्ती येते ती अतिक्रमण म्हणून. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशी कुठे राहतात? बहुतेक त्याच वस्तीत, आणि तिथे टँकर आला तर हंडे घेऊन रांग लागते. तुमचा टँकर महाग आहे पण तो तुमच्या टाकीत तरी रिकामा होतो. प्रभाग समिती त्यांचीही आहे. तुम्ही चौदा सोसायट्यांच्या प्रतिनिधी म्हणून गेलात तर बाकीच्यांसाठी तुम्ही फक्त आणखी एक गट, आणि समोरचे अकरा जण हे बरोब्बर ओळखतात. सोसायटीवाले आणि गाववाले एकमेकांवर खार खाऊन असले की दोघांनाही वेगवेगळं सांभाळता येतं, एकीकडे बाकडी आणि दुसरीकडे मांडवाला वर्गणी.

आता ती तिसरी गोष्ट.

तुमचं गाव पालिकेत आलं 2021 च्या जूनअखेर. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि ग्रामसभा व्हायची, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. ग्रामसभा काय दर्जाची व्हायची, कोण बोलायचं, कोण सह्या करून निघून जायचं, ते सोडा. पण गावचा मतदार असलेला कुणीही माणूस उठून सरपंचाला विचारू शकायचा की या कामाचं बिल किती झालं, आणि ते विचारायचा त्याला हक्क होता, मेहरबानी नव्हती. गाव शहरात आलं आणि एका रात्रीत तो हक्क गेला. त्यानंतर काय झालं तर 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक. म्हणजे तुमच्या गावात सरपंचही नाही, नगरसेवकही नाही, सभा तर नाहीच. गावठाणातले जुने लोक पालिकेवर एवढे का चिडलेले असतात हे सोसायटीतल्या लोकांना कळत नाही, त्यातलं एक मोठं कारण हे आहे. जे विचारायची जागा होती ती गेली आणि बदल्यात मिळालं एक ॲप आणि एक टोकन नंबर.

खरं तर शहरातही ग्रामसभेसारखी गोष्ट कायद्यात आहे. 2009 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्र सभा आणली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकासाच्या योजनेचे पैसे मिळवायला लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती म्हणून आणली, म्हणजे फार प्रेमाने आणली असं नाही, पण आणली. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथला प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य, आणि अध्यक्ष नगरसेवक. नेमणूक नाही, संस्थेचा कागद नाही, कुणाची शिफारस नाही. मतदार यादीत नाव आहे ना, या आणि बोला. कागदावर इतकी सरळ आहे म्हणूनच बहुधा प्रत्यक्षात ती भरलेली कुणी फारशी पाहिलेली नाही. पुण्यातल्या नागरी संघटना वर्षानुवर्षं ती मागतायत. सगळ्या पक्षांचं या बाबतीत छान एकमत आहे, कुणालाच नकोय.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्हाला खुर्ची देऊ करतायत ना, तर त्यांना सांगा खुर्ची राहू द्या, सभा घ्या. आणि हे मिस्टरांना सांगू नका, नगरसेविकाबाईंना स्वतः भेटून सांगा. निवडून त्या आल्यात. त्यांच्याशी थेट बोलायची सवय तुम्हीच लावली नाही तर पाच वर्षं तुम्हाला त्यांच्या घरच्यांशीच बोलावं लागेल. असं काहीतरी म्हणा: "ताई, माझं नाव सुचवलंत त्याबद्दल खरंच आभार. पण तुमच्या संस्थेत मी कधी काम केलेलं नाही तर तिच्यातून नाव घेणं मला जमणार नाही. मला तुमच्याकडून दुसरी मदत हवीय, शाळेच्या मैदानावर आपल्या भागाची सभा घ्या, गावठाण, वस्ती, सोसायट्या सगळे, अध्यक्ष तुम्ही, माणसं जमवायचं मी बघते." नकाराबरोबर हातात काम दिलं की नकार कमी बोचतो, आणि नव्याने निवडून आलेल्या माणसाला भरलेलं मैदान नको असतं असं मी तरी पाहिलेलं नाही. तुमच्या प्रभागात चौघे नगरसेवक असतील, चौघांनाही बोलवा, लेखी बोलवा. चारच्या पॅनलमध्ये मोठा घोळ हा की ड्रेनेजचं विचारलं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो हिच्याकडे, सगळे एका मंचावर बसलेले असले की बोट दाखवायला जागा कमी पडते. रीतसर क्षेत्र सभेची हद्द वगैरे ठरलेली नसेल तर त्याची वाट बघत बसू नका, आधी सभा भरवा, मग कायद्यातली क्षेत्र सभा द्या म्हणून त्याच सभेत ठराव करून आयुक्तांना पाठवा.

तोपर्यंत काय? मोहल्ला समितीची मिटिंग. (मुंबईत 92-93 च्या दंगलींनंतर शांततेसाठी उभी राहिलेली मोहल्ला कमिटी वेगळी, ही पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयातली महिन्याची मिटिंग.) प्रशासकाच्या काळात नागरिकांना अधिकाऱ्यांसमोर बसायला हीच काय ती जागा होती. तुम्ही लिहिलंय की दोनदा गेलात आणि टाइमपास वाटला. वाटणारच, कारण बहुतेक ठिकाणी चाळीस माणसं चाळीस तक्रारी घेऊन येतात, अधिकारी प्रत्येकाला "बघतो" म्हणतात, चहा होतो, संपलं. तिची नखं कायद्यात नाहीत, ती तुम्हालाच लावावी लागतात आणि ती म्हणजे कागद. तक्रार तोंडी करू नका, मिटिंगच्या आठवडाभर आधी आवक-जावकला लेखी द्या, पोच घ्या. तीसच्या जागी तीनच विषय न्या पण ते सुटेपर्यंत दर महिन्याला तेच तीन न्या, लोक कंटाळून विषय बदलतात आणि ऑफिसला तेच हवं असतं. मिटिंग सुरू झाल्या झाल्या पहिला प्रश्न मागच्या वेळच्या इतिवृत्तावर विचारा, काय ठरलं होतं आणि काय झालं. इतिवृत्तच लिहिलं नाही म्हणाले तर त्याच दिवशी माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, "इतिवृत्त अस्तित्वात नाही" असं लेखी उत्तर आलं तर तेही पुढच्या मिटिंगला टेबलावर ठेवायला उपयोगी पडतं. ओरडण्यापेक्षा याने काम जास्त होतं, हे मी बऱ्याच वॉर्ड ऑफिसांत बघितलंय.

दुसरं, नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक. पुण्यात हे 2006-07 पासून आहे, अर्ज वॉर्ड ऑफिसला मिळतो, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. दरवर्षी त्याची बातमी येते आणि दरवर्षी लोक तारीख उलटून गेल्यावर वाचतात. तेव्हा पावसाळ्याच्या मधल्या दिवसांतच विचारून ठेवा आणि कृपा करून बाकडी आणि पेव्हर ब्लॉक मागू नका, ते न मागता मिळतात. वस्तीतल्या बायकांना विचारा काय हवंय. बघा, बहुतेक बस स्टॉपपर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे म्हणतील, आणि ते तुमच्या मुलीला पण हवेत. अशा एका कामाचा अर्ज सोसायटी, गावठाण आणि वस्ती तिघांच्या सह्यांनी गेला की वॉर्ड ऑफिसला तुमच्याकडे बघायची नजर बदलावी लागते.

बाहेर राहून काही होत नाही असं वाटत असेल तर मुंबईतलं एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांचे गट) बघा. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1990 च्या दशकात लोकांनी कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात केली, पालिकेने ती पद्धत उचलली आणि मुंबईभर असे गट झाले. त्यांना पालिकेत कुणी खुर्ची दिली नव्हती. पण हेही खरं की जिथे गट फक्त चांगल्या वस्तीतल्या तक्रारदारांचा राहिला तिथे तो फेरीवाले हटाव एवढ्यावर येऊन थांबला, तुमच्या ग्रुपने त्या वळणाकडे जाऊ नये म्हणून वर एवढं खरडलं. आणि रचनाच चांगली हवी असेल तर बंगळुरूसाठी कर्नाटकाने केलेला आधीचा नियम मला आवडतो, तिथे प्रत्येक वॉर्डला स्वतंत्र समिती होती, दहा सदस्य, त्यात किमान तीन महिला आणि दोन अनुसूचित जाती-जमातींचे. तिथेही सगळं गोड नव्हतं, पण आपल्यासारखं अकरा नगरसेवकांमागे तीन माणसं असं तरी नव्हतं.

तर मग समितीवर कधीच जायचं नाही का? जा की. पण आधी तुमच्या कामाला स्वतःचं नाव द्या. व्हॉट्सॲप ग्रुप ही संस्था नाही, आणि गृहनिर्माण सोसायटी समाजकामाच्या संस्थेत बसेल यावर मी तरी विसंबणार नाही. गावात जुनं महिला मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ नोंदणी केलेला असेल तर खऱ्या कामासाठी त्यात सामील व्हा, नाहीतर स्वतःची संस्था नोंदवा, मान्यतेच्या नेमक्या अटी काय आहेत ते नगरसचिव कार्यालयात विचारून लेखी घ्या, कुणा कार्यकर्त्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. या पाच वर्षांत जागा मिळाली नाही तरी बिघडत नाही. आणि मिळाली तर त्याच दिवशी ग्रुपची ॲडमिनगिरी दुसऱ्या कुणाला तरी द्या. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. आत बसणारी आणि बाहेरून भांडणारी एकच बाई असली की बाहेरचं भांडण आपोआप बंद पडतं, तिची इच्छा असो नसो, कारण आपल्याच मिटिंगवर आपण मोर्चा कसा न्यायचा. ग्रुपला तुम्हाला जाब विचारता यायला हवा, आणि तुम्ही दर महिन्याला मैदानावर किंवा मंदिराच्या ओट्यावर येऊन आत काय झालं ते सांगायला हवं, कुठल्या कामाला कोण काय म्हणालं यासकट.

एक भीती तुम्ही पत्राच्या शेवटी अर्धवट लिहिलीय, की नाही म्हटलं तर टँकरच उशिरा येतील. गावात टँकर कुणाचे आहेत हे मला माहीत नाही, तुम्हाला असणार. ही भीती खोटी नाही आणि तुम्ही एकटीने ती अंगावर घ्यावी असं मी सांगणार नाही. म्हणून बाईंना भेटायला एकट्या जाऊ नका. ग्रुपमधला "घ्या" म्हणणारा एक, "नको" म्हणणारा एक, गावठाणातल्या एक आजी ज्यांचा शब्द चालतो अशा, एवढे तिघं सोबत न्या. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी बाईंना चार ओळींचा मेसेज टाका, आपण आज भेटलो, सभेबद्दल असं बोलणं झालं, अमुक तारखेपर्यंत मैदानाची परवानगी बघताय त्याबद्दल आभार. आणि तोच मेसेज ग्रुपवर टाका.

नवरोबांना सभेच्या दिवशी इतिवृत्त लिहायला बसवा, तेवढं राजकारण त्यांना चालेल.